छातीवरची छपाई तडकली, पाठीवरची टिकली: टी-शर्टच्या एका ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेने क्रीडास्पर्धेसाठी दोन प्रकारचे टी-शर्ट छापून घेतले होते. स्वयंसेवकांचे काळे, शंभर टक्के सुती, सुमारे 400. खेळाडूंचे मरून रंगाचे, पॉलिस्टरचे, सुमारे 150. छपाई दोन्हींवर सारखीच होती: छातीवर मोठं, भरीव, पांढरं बोधचिन्ह आणि पाठीवर एका ओळीत बारीक पांढरी अक्षरं. शाई प्लास्टिसोल, म्हणजे उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची शाई.

खरेदी पाहणाऱ्या बाई कामाच्या पक्क्या होत्या. नमुना आला तेव्हा त्यांनी 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून वजन केलं. ते 1.8 ग्रॅम भरलं, म्हणजे 180 जीएसएम (दर चौरस मीटरला 180 ग्रॅम) बरोबर. गळ्याची रिब ताणून सोडली, ती जागेवर आली. खांद्याची शिवण उलटून पाहिली. छपाईवर मात्र फक्त बोट फिरवलं. छाप जाड, गुळगुळीत आणि ठसठशीत लागला, म्हणून नमुना मंजूर झाला.

इथेच एक मत नोंदवतो. टी-शर्ट घेणारे जीएसएमच्या आकड्याला फार मान देतात. तो आकडा कापड किती जड आहे एवढंच सांगतो. सूत कोणतं, विणकाम किती घट्ट, कापड आधी आकसवलेलं आहे की नाही, यातलं काही त्यातून कळत नाही. छपाईबद्दल तर काहीच नाही. आणि जाड छाप म्हणजे टिकाऊ छाप हा समज तर बहुतेक वेळा उलटाच ठरतो.

अडचण

माल स्पर्धेच्या आठवडाभर आधी आला. एका स्वयंसेवकाने आपला काळा टी-शर्ट आधीच घातला आणि धुतला. वाळल्यावर बोधचिन्हावर आडव्या भेगा दिसल्या आणि एका कोपऱ्यातून पांढरी खपली निघाली. पाठीवरची अक्षरं मात्र जशीच्या तशी होती.

बाईंनी छपाईवाल्याला फोन लावला. त्याचं उत्तर तयार होतं: "मॅडम, गरम पाण्यात टाकला असणार. नाहीतर ब्रश मारला असेल. आमची शाई चांगल्यातली आहे."

संस्थेत तोवर तीन तट पडले होते. काहींच्या मते धुण्यात चूक होती, काहींच्या मते कापड हलकं होतं, आणि बाकीच्यांचं म्हणणं होतं की छपाईवाल्याने स्वस्तातली शाई मारली. या टप्प्यावर मला बोलावलं गेलं.

दोष नेमका कशात

धुण्याचा तर्क सर्वांत आधी निकाली निघाला. त्याच खोक्यातला न धुतलेला टी-शर्ट घेतला, बोधचिन्हाच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि छाप सावकाश मूळ रुंदीच्या साधारण दीडपट होईपर्यंत ताणला. पूर्ण भाजलेला, म्हणजे भट्टीत तापवून पक्का केलेला, प्लास्टिसोलचा छाप कापडाबरोबर ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. इथे बारीक कटकट आवाज आला आणि पांढऱ्यावर काळ्या रेघा उमटल्या. ज्या कपड्याला पाणीच लागलेलं नाही, त्याच्या भेगांचा दोष धुणाऱ्यावर टाकता येत नाही.

कापडाचा तर्क थोडा वेळ टिकला. सुती होजिअरी आकसते, छाप आकसत नाही. मग छापाच्या भोवती चुण्या पडतात आणि बोधचिन्ह लाटांसारखं दिसायला लागतं. तो दोष वेगळा, भेगांचा वेगळा. धुतलेल्या टी-शर्टवर चुण्या नव्हत्या. काही टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर पुढच्या अंगाला वळत होती, हे खरं. पण तो सिंगल जर्सी या साध्या एकेरी विणीतला पीळ आहे. त्याचा छपाईशी संबंध नसल्यामुळे तो मुद्दा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

शाईच्या तर्काला पाठीवरच्या अक्षरांनी उत्तर दिलं. शाई एकाच डब्यातली, कापड तेच. पाठ कितीही ताणली तरी अक्षरांना भेग जात नव्हती. शाई वाईट असती तर दोन्हीकडे वाईट ठरली असती.

छाती आणि पाठ यांत फरक होता तो थराच्या जाडीचा आणि त्या थराला मिळालेल्या उष्णतेचा. प्लास्टिसोल पाण्याच्या शाईसारखी वाळत नाही. पीव्हीसीचे बारीक कण आणि प्लास्टिसायझर नावाचा द्रव यांचं ते मिश्रण असतं. उष्णता लागली की कण द्रव शोषून फुगतात आणि शाई हाताला लागेनाशी होते. पण ते कण एकमेकांत मिसळून सलग, लवचिक पापुद्रा तयार होतो तो नेहमीच्या शाईत साधारण 160 अंश सेल्सिअसला, आणि तेही थराच्या तळापर्यंत एवढं तापमान पोचलं तरच. त्याआधी थांबलेला छाप वरून सुकलेल्या आणि आत ओल्या राहिलेल्या चिखलासारखा असतो. बोटाला तो उत्तम लागतो. दुकानात हात फिरवून जे कळत नाही, ते हेच.

काळ्या कापडावर पांढरं उठून दिसावं म्हणून शाईचे दोन हात मारतात: एक थर, मग फ्लॅश नावाच्या छोट्या हीटरखाली तो जरा घट्ट करून त्यावर दुसरा. इथे शंका अशी होती की पहिला थर फ्लॅशखाली जास्त तापला म्हणून दुसरा त्याला धरला नाही का. तसं असतं तर वरचा पापुद्रा सुटून खाली पांढरंच दिसलं असतं. भिंगातून पाहिलं तेव्हा भेगेच्या तळाशी काळं सूत दिसत होतं आणि भेगेच्या कडा भुसभुशीत होत्या. म्हणजे दोन्ही थर मिळून कच्चे होते.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी केली. छापाच्या आतल्या बाजूने इथाइल अॅसिटेटचे थेंब टाकले, पांढरं कापड लावून वर वजन ठेवलं. थोड्या वेळाने कापडावर पांढुरका, चिकट डाग आला. भाजलेल्या प्लास्टिसोलवर हा द्रव असा परिणाम करत नाही. ही चाचणी फक्त प्लास्टिसोलसाठी आहे, पाण्याच्या शाईवर तिचा अर्थ लावू नये. आणि द्रव चटकन पेट घेणारा असल्याने ती मोकळ्या हवेत, भट्टीपासून लांब करायची.

सगळा माल कच्चा होता का

हा प्रश्न विचारला नसता तर पुढचे सगळे निर्णय चुकले असते. मालाच्या तपासणीसाठी आयएसओ 2859-1 हे मानक वापरतात. 281 ते 500 नगांच्या लॉटमधून त्याच्या सर्वसाधारण दुसऱ्या पातळीप्रमाणे 50 नग काढावे लागतात. दोष नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर हे सोपं आहे. पण ताणून पाहिलेला कच्चा टी-शर्ट तिथेच खराब होतो, म्हणून अशा चाचणीला लहान नमुना घेतात. आम्ही प्रत्येक मापाच्या प्रत्येक गठ्ठ्यातून थोडे थोडे काढले.

निकाल मापाप्रमाणे फाटला. स्मॉल आणि मीडियममधला एकही तडकला नाही. लार्ज आणि एक्सएलमधले बहुतेक तडकले.

माप आणि भाजणं यांचा थेट संबंध काहीच नाही, पण छपाईच्या क्रमाचा आहे. मोठ्या ऑर्डरीत माल मापावार लावून छापतात आणि लहान मापं आधी घेतात. छपाईच्या जागी गेल्यावर उलगडा झाला. पहिल्या दिवशी स्मॉल आणि मीडियम झाले होते. दुसऱ्या दिवशी माल पोचवायची घाई होती म्हणून ड्रायरच्या, म्हणजे छाप भाजणाऱ्या भट्टीच्या, सरकत्या पट्ट्याचा वेग वाढवला आणि एका रांगेऐवजी दोन रांगा सोडल्या. कपडे दुप्पट, भट्टीतला वेळ कमी. गठ्ठे रात्रभर दमट खोलीत पडले होते ते वेगळंच. सूत हवेतली ओल धरतं, आणि भट्टीची पहिली उष्णता ती ओल घालवण्यात खर्च होते.

मालक प्रामाणिक निघाला. त्याने इन्फ्रारेड गन दाखवली: "हे बघा साहेब, बाहेर पडताना 165 दाखवते." गन चुकत नव्हती, पण ती फक्त छापाचा पृष्ठभाग मोजते. दुसऱ्या दिवशीच्याच वेगाने, दोन रांगांत, आम्ही तापमापकाची तार ओल्या शाईत रुतवून एक रद्दी टी-शर्ट भट्टीतून सोडला. शाईच्या आतलं तापमान 140 च्या वर चढलं नाही. पांढरी शाई उष्णतेचे किरण बऱ्याच प्रमाणात परतवते. तिचा जाड थर आतून तापायला वेळ लागतो.

पाठ का टिकली हेही तिथेच कळलं. तिच्या अक्षरांचा थर पातळ होता. शिवाय पाठ आधी छापली होती, त्यामुळे ती छातीच्या फेरीतही, पालथी का होईना, दुसऱ्यांदा भट्टीतून गेली होती. छातीला एकच फेरी मिळाली.

मंजूर नमुन्याचं कोडंही सुटलं. तो एकटा, रिकाम्या पट्ट्यावरून, सावकाश गेला होता. नमुना खराच चांगला होता. फक्त पुढचा माल त्या पद्धतीने भाजलाच गेला नाही.

समोर असलेले पर्याय

धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी लावून माल वाटून टाकावा, असा एक प्रस्ताव होता: उलटा करून, गार पाण्यात धुवा, पिळू नका. संस्थेतल्या बऱ्याच जणांना तो आवडला, कारण त्यात कुणाला काही करावं लागत नव्हतं. पण कच्चा छाप जपून धुतल्याने पक्का होत नाही. तो फक्त उशिरा तडकतो.

सगळा माल परत करायला वेळ नव्हता. छपाईवाला वरून आणखी एक हात मारून द्यायला तयार होता. तो मोडून काढावा लागला, कारण कच्च्या थरावर नवा थर म्हणजे आणखी जाडी आणि तळ तितकाच कच्चा. हीट प्रेसखाली एकेक दाबणं शक्य होतं, पण त्याने छाप चपटा आणि चकचकीत होतो, आणि एवढे नग हाताने करायला वेळ फार लागला असता.

राहिला पर्याय पुन्हा भाजण्याचा. प्लास्टिसोलची ही सोय मोठी आहे: अर्धवट भाजलेला थर नंतर पूर्ण तापमानाला नेला तर तो पक्का होतो. मात्र आधीच पडलेल्या भेगा त्याने सांधल्या जात नाहीत.

निर्णय आणि कृती

काळ्या टी-शर्टबाबत वाद एवढाच उरला की सगळे भाजायचे की फक्त लार्ज आणि एक्सएल. बाईंचं म्हणणं होतं, सगळेच घाला, मनाला शांतता. मी विरोध केला. प्रत्येक फेरीत सूत कोरडं पडतं, थोडं आकसतं, आणि छाप चांगला असेल तर त्यातून मिळत काहीच नाही. स्मॉल आणि मीडियमच्या नमुन्यांवर इथाइल अॅसिटेटची चाचणी पुन्हा केली, डाग आला नाही, म्हणून ते तसेच ठेवले. लार्ज आणि एक्सएल एका रांगेत, पट्टा हळू करून, शाईत रुतवलेल्या तारेवर 160 दिसेल अशा बेताने सोडले. दर गठ्ठ्यातला एक बाहेर आल्यावर थंड होऊ दिला आणि मग ताणला. गरम असताना ताणू नये. शाई मऊ असते आणि निकाल फसवा येतो.

मरून टी-शर्टचं काम इतकं सरळ नव्हतं. तेही दुसऱ्या दिवशी छापलेले, तेही कच्चे. भट्टीजवळचा पोरगा म्हणालाच, "दादा, हेपण सोडू का यामागून?" आम्ही आधी एकच सोडला. तो बाहेर आला तेव्हा छाप पांढराशुभ्र होता आणि ताणल्यावर तडकलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच छाप गुलाबी दिसत होता.

पॉलिस्टर ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात, ते जास्त उष्णतेत वायुरूप होऊन धाग्यातून सुटतात आणि वरच्या शाईत शिरतात. प्लास्टिसोलमधला प्लास्टिसायझर त्यांना सहज विरघळवून घेतो. लाल आणि मरून यात सर्वांत बदनाम. रंग काही तासांनी, कधी काही दिवसांनी वर येतो, त्यामुळे भट्टीच्या तोंडाशी उभं राहून हा दोष सापडत नाही. यासाठी रंग रोखणारी, साधारण 130 अंशांना पक्की होणारी शाई मिळते, आणि तिच्याखाली करड्या रंगाचा अडवणारा थर देतात. छपाईवाल्याने दोन्ही कापडांवर एकच शाई मारली होती, कारण ऑर्डरीत "टी-शर्ट, पांढरी छपाई" एवढंच लिहिलेलं होतं.

म्हणजे काळ्याला जी उष्णता हवी होती तीच मरूनला घातक होती. मरून माल भट्टीत न घालता स्पर्धेपुरता तसाच वाटायचा, छाप कच्चा आहे हे खेळाडूंना स्पष्ट सांगायचं, आणि योग्य शाईने नवा माल नंतर द्यायचा असं ठरलं. नव्या मालाचा बोजा दोघांनी वाटून घेतला. छपाईवाल्याची चूक उघड होती, पण ऑर्डरीत कापडाचा उल्लेख नव्हता हेही तितकंच खरं होतं. कच्चा माल जाणूनबुजून वाटावा का, यावर संस्थेत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. माझं मत वाटावा असंच होतं, पण सांगून.

निकाल

पुन्हा भाजलेले काळे टी-शर्ट पुढच्या काही महिन्यांच्या धुण्यात टिकले. खपली निघाल्याची तक्रार आली नाही. आमच्या चाचणीत किंवा हाताळणीत ज्यांच्यावर आधीच केसासारख्या भेगा पडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या, पण वाढल्या नाहीत.

एक तक्रार मात्र वारंवार आली: "छपाई फिकी पडली." भिंगाखाली शाई जागेवर होती. धुण्याच्या घर्षणाने कापडाचे बारीक काळे तंतू छापातून वर आले होते आणि पांढऱ्यावर करडी लव दिसत होती. हा भाजण्याचा नव्हे तर कापडाच्या केसाळपणाचा दोष. कोंबिंग केलेलं (आखूड तंतू विंचरून काढलेलं) सूत आणि बायोवॉश (एन्झाइमने कापडाची लव काढणारी धुलाई) असता तर तो बराच कमी दिसला असता. छातीवर हात फिरवून वापरणारा हा फरक ओळखत नाही, आणि त्याने तो का ओळखावा? त्याच्या लेखी टी-शर्ट जुना झाला.

नव्या मरून टी-शर्टवर पांढरं पांढरंच राहिलं. काहींवर करडा थर जरा सरकून बोधचिन्हाच्या एका कडेने डोकावतो. ते स्वीकारले.

वेगळं काय करता आलं असतं

ऑर्डरीत कापडाचा धागा लिहायला हवा होता: इतके सुती, इतके पॉलिस्टर. मरून टी-शर्टची सगळी भानगड त्या एका ओळीने टळली असती.

छपाईसाठी मान्य-अमान्य काय तेही आधी ठरवायला हवं होतं. उदाहरणार्थ, थंड छाप दीडपट ताणल्यावर कापड दिसेल अशी भेग नको. ठरलेल्या पद्धतीने पाच वेळा धुतल्यावर खपली नको. प्रयोगशाळेत धुण्यासाठी आयएसओ 6330 आणि घासल्यावर रंग सुटतो का यासाठी आयएसओ 105-एक्स12 अशी मानकं आहेत. दुसऱ्यात करड्या पट्टीवर 1 ते 5 अशी प्रत देतात, 5 सर्वोत्तम. छोट्या ऑर्डरीला प्रयोगशाळेची गरज नसते. घरचं यंत्र, एक साबण, एक तापमान आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने वाळवणं पुरतं, फक्त पद्धत दोन्ही बाजूंना आधी माहीत हवी.

नमुना मंजूर केल्यावर चालू मालातला पहिला, मधला आणि शेवटचा नग मागायला हवा होता, तोही दर दिवसाच्या कामातला. दुसऱ्या दिवशीचा एकच नग कुणी ताणून पाहिला असता तर माल निघायच्या आधीच पट्टा हळू झाला असता.

बोधचिन्हाच्या आराखड्यावर कुणी बोललंच नाही. एवढा मोठा भरीव पांढरा ठोकळा छापायचाच कशाला? मधे रेषा किंवा ठिपके सोडून तो उघडा केला असता तर शाई कमी लागली असती, छातीवर घाम साठला नसता, आणि ताण मोकळ्या जागांत वाटला गेला असता. ज्या स्क्रीनच्या जाळीतून शाई कापडावर उतरते ती जाळीही बदलून पाहता आली असती. सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी भरपूर शाई सोडते; 61 ची जाळी आणि घट्ट ताणलेली स्क्रीन असती तर पातळ थरात पुरेसा झाकणारा पांढरा मिळाला असता. यासाठी हात बसलेला कारागीर लागतो, आणि जाड छापाची सवय लागलेल्या गिऱ्हाईकाला पातळ छाप सुरुवातीला स्वस्तातला वाटतो. बाईंनाही वाटला. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरीसाठी त्यांनी दोन्ही जाळ्यांचे नमुने मागवले आहेत. या वेळी ते मंजुरीआधी धुतले जाणार आहेत, आणि चाचणीत खराब होणारे नग कुणाच्या खात्यात टाकायचे यावर छपाईवाल्याशी बोलणं चालू आहे.